गेन कमी, कात्री अधिक: इंडस्ट्रियल रॉक अल्बमसाठी गिटारचे ध्वनिमुद्रण

इंडस्ट्रियल रॉकची, म्हणजे यंत्रांसारखे कठोर आवाज आणि ड्रम मशीन वापरणाऱ्या रॉकची, गिटार ध्वनिमुद्रित करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिली चूक गेनच्या, म्हणजे सिग्नल किती वाढवून डिस्टॉर्शन आणायचे ते ठरवणाऱ्या, बटणापाशी करतो. गाणे काळोखे, जड आणि निर्दय वाटले पाहिजे म्हणून तो गेन शेवटच्या टोकापर्यंत नेतो, आणि एकटी ऐकताना अवाढव्य वाटणारी ती गिटार ड्रम मशीनशेजारी ठेवताच पातळ, विस्कटलेली आणि लांब कुठेतरी वाजत असल्यासारखी वाटू लागते. याचे कारण सरळ आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलचे माथे छाटणे. जितके अधिक छाटावे तितका तारेवरचा आघात आणि त्यामागून ओसरत जाणारा नाद यांच्या पातळीतला फरक कमी होतो, आणि शेवटी आघात हरवून नुसती सलग खरखर उरते. यंत्राचा भास होतो तो आघातामुळे आणि त्याहूनही अधिक ध्वनी नेमक्या क्षणी तुटल्यामुळे. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती सगळी या तुटण्याभोवती रचलेली आहे.

या शैलीच्या इतिहासातही हेच दिसते. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या बँडचा ‘स्ट्रीटक्लीनर’ हा अल्बम १९८९ साली आला. त्यांच्याकडे ड्रमवादक नव्हता, अलेसिस कंपनीचे एचआर-१६ हे ड्रम मशीन होते, आणि जस्टिन ब्रॉडरिकच्या गिटारला त्या मशीनच्या न बदलणाऱ्या ठोक्याशेजारी उभे राहायचे होते. नाइन इंच नेल्सच्या १९९४ च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बमसाठी ट्रेंट रेझ्नर आणि सहनिर्माता फ्लड यांनी गिटारचा बराच भाग अ‍ॅम्पसमोर माइक न लावता झूम ९०३० या प्रोसेसरमधून थेट घेतला आणि संगणकावर टर्बोसिंथसारख्या सॉफ्टवेअरने त्याची मोडतोड केली. किलिंग जोक या बँडच्या जॉर्डी वॉकरने तर कारकिर्दीचा बहुतेक काळ गिब्सनची ईएस-२९५ ही आतून पोकळ असलेली गिटार वाजवली, जी पाहून कोणाच्याही मनात जड संगीत येणार नाही. या तिघांची साधने एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे साधनांची नक्कल करून फारसे हाती लागत नाही. शिकण्यासारखे आहे ते हे की गिटारवादन ही इथे पूर्ण झालेली कृती मानली जात नाही. ते कच्चे लोखंड असते, आणि त्याला घडवण्याचे काम नंतर होते.

गिटार आणि स्वर

प्रचलित जुळणीत सर्वात जाड तार ८२.४ हर्ट्झवर असते; तीच खाली उतरवलेल्या जुळण्यांत, म्हणजे ड्रॉप डीमध्ये ७३.४, ड्रॉप सीमध्ये ६५.४ आणि आणखी खाली बीवर ६१.७ हर्ट्झवर जाते. खाली जाताना तार ढिली पडते आणि जोरात पिक मारल्यावर पहिल्या क्षणी तिचा स्वर वर चढून मग खाली बसतो. एकाच ट्रॅकमध्ये हे फारसे खटकत नाही, परंतु डावीकडे आणि उजवीकडे दोन ट्रॅक ठेवले की प्रत्येक आघातापाशी दोन्ही स्वर एकमेकांना घासतात आणि ठोक्याची धार बोथट होते. म्हणून जुळणी खाली नेताना तारा जाड कराव्यात, ड्रॉप सीसाठी ११ ते ५४ हा संच चालतो, आणि प्रत्येक टेकनंतर (एकदा वाजवून घेतलेल्या मुद्रणानंतर) पुन्हा सूर जुळवावा. हे कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढे कोणत्याही प्लगिनने (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरने) भरपाई होत नाही.

नटपासून खुंट्यांपर्यंत जो तारांचा छोटा तुकडा उरतो तिथे फोमची पट्टी किंवा कापड खोचावे. रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी ओळ) थांबल्यावर तो तुकडा बारीक आवाजात किणकिणत राहतो; साध्या आवाजात तो ऐकू येत नाही, मात्र डिस्टॉर्शन त्याला उचलून समोर आणते आणि जिथे पूर्ण शांतता हवी तिथेच नेमकी घंटी वाजते. ट्रेमोलोच्या स्प्रिंगांनाही हाच उपाय करावा.

कोणते स्वर एकत्र वाजवायचे याचा निर्णय डिस्टॉर्शनच्या आधी घ्यावा लागतो. दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा आणि वजाबाक्या नव्याने जन्माला येतात. ८२.४ हर्ट्झचा ई आणि त्याच्या वरचा १२३.५ हर्ट्झचा बी एकत्र वाजवल्यास फरक सुमारे ४१ हर्ट्झ येतो, म्हणजे तोच ई एक सप्तक खाली. पॉवर कॉर्ड इतकी भरीव का वाटते याचे उत्तर यात आहे. आता बीच्या जागी ११६.५ हर्ट्झचा बी फ्लॅट घेऊन पाहावे. फरक ३४ हर्ट्झ येतो, त्याचा मूळ स्वराशी मेळ बसत नाही आणि तळाशी एक अस्वस्थ गुरगुर सुरू होते. ही गुरगुर हवी असेल तर दोन्ही स्वर एकत्र वाजवावेत. विसंवाद हवा पण स्वर स्वच्छ ओळखू यायला हवेत असे असेल, तर प्रत्येक स्वर वेगळ्या ट्रॅकवर वाजवून प्रत्येकाला स्वतंत्र डिस्टॉर्शन द्यावे. माझ्या मते या संगीतातील उत्तम भीतिदायक कॉर्ड दुसऱ्या पद्धतीने होतात, कारण त्यांत कान प्रत्येक स्वराला ओळखतो आणि तरीही त्यांची संगत मान्य करू शकत नाही.

स्वच्छ सिग्नल राखून ठेवणे

अ‍ॅम्प वापरला तरी किंवा न वापरला तरी, गिटारचा प्रक्रिया न केलेला थेट सिग्नल, म्हणजे डीआय, वेगळ्या ट्रॅकवर नेहमी घ्यावा. इंटरफेसचे (गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्राचे) इनपुट वाद्यासाठीचे असावे, ज्याचा अवरोध साधारण १० लाख ओहम असतो. साध्या लाइन इनपुटमध्ये गिटार लावल्यास पिकअपवर भार पडून वरची धार निघून जाते. मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वात जोराचे आघात उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवावेत. इथे आवाज मोठा घेण्याचा काहीच फायदा नाही. डीआय हाताशी असला की तोच टेक पुढे दहा वेगवेगळ्या डिस्टॉर्शनमधून पाठवता येतो, आणि त्याचा दुसरा, फारसा न सांगितला जाणारा उपयोग गेटच्या कामात होतो, तो पुढे येईल.

डिस्टॉर्शनचे तीन थर

एका जबरदस्त आवाजाच्या शोधात दिवस घालवण्यापेक्षा तीन सामान्य आवाज एकमेकांत बसवावेत. पहिला थर अंगाचा: अ‍ॅम्प किंवा त्याचे सॉफ्टवेअर रूप, कॅबिनेटसह, मध्यम गेनवर. डिस्टॉर्शनच्या आधी १२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करावा आणि हवा असल्यास नंतर परत वाढवावा. खालचा भाग तसाच आत गेला तर तो बाकी सगळ्याला स्वतःबरोबर थरथरवतो आणि पाम-म्यूट केलेले (तळहात तारांवर टेकवून वाजवलेले) ठोके चिखलासारखे होतात. माइक लावायचा असेल तर शुअर एसएम५७ पुरेसा आहे. तो स्पीकरच्या मध्यबिंदूपासून थोडा बाजूला, जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवावा आणि बोटभर इकडे-तिकडे सरकवून ऐकावे.

दुसरा थर धारेचा. गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा आवाज गाळून टाकतो, आणि आपल्या कानाला ‘गिटार’ म्हणून जे ओळखीचे आहे त्यात या गाळण्याचा वाटा मोठा आहे. डिस्टॉर्शन पेडल कॅबिनेटशिवाय थेट मुद्रित केले की ते गाळणे नाहीसे होते आणि माशा घोंगावल्यासारखा कोरडा, तिखट आवाज मिळतो. इतर रॉकमध्ये हा दोष मानला जाईल. इथे तोच माल आहे, कारण त्यात खोली नाही, लाकूड नाही, हवा नाही. तो आवाज माणसांच्या जगातून आल्यासारखा वाटतच नाही. या थराचा ४०० हर्ट्झखालचा आणि ८ किलोहर्ट्झवरचा भाग कापावा आणि तो पहिल्या थरापेक्षा ८ ते १० डेसिबल खाली ठेवावा. तो बंद केल्यावर उणीव जाणवली पाहिजे आणि चालू असताना तो वेगळा ऐकू येता कामा नये.

तिसरा थर मोडतोडीचा, आणि इथे काय घडते ते आकड्यांत पाहणे उपयोगाचे आहे. सॅम्पलिंग दर (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात तो) ४४,१०० वरून ११,०२५ हर्ट्झवर आणला की ५,५१२ हर्ट्झच्या वरचे काहीही नीट सांगता येत नाही. ते नाहीसे होण्याऐवजी आरशातून परतल्यासारखे खाली दुमडते. ६,००० हर्ट्झवरचा उपस्वर ५,०२५ वर येऊन बसतो, ७,००० वरचा ४,०२५ वर. या नव्या वारंवारतांचे मूळ स्वराशी नाते नसते, म्हणून आवाज पत्र्यासारखा वाटतो. प्लगिनमध्ये हा वरचा भाग आधीच गाळून टाकणारा फिल्टर चालू असेल तर तो बंद करावा, अन्यथा दुमडणे होणारच नाही आणि फक्त आवाज मंदावेल. रिंग मॉड्युलेटरचे काम याहून विचित्र आहे; तो आलेल्या स्वराच्या जागी त्याची आणि ठरवलेल्या वारंवारतेची बेरीज व वजाबाकी देतो. त्याला ३०० हर्ट्झवर ठेवून ११० हर्ट्झचा स्वर वाजवला तर बाहेर १९० आणि ४१० हे दोन स्वर येतात. रिफ वर सरकून १२३.५ वर गेली की एक स्वर ४२३.५ वर चढतो आणि दुसरा १७६.५ वर उतरतो. वादक वर जात असताना गाण्यातले काहीतरी खाली घसरते, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. हा परिणाम संपूर्ण गाण्यावर पसरवू नये. एखाद्या कडव्याच्या शेवटच्या दोन मात्रांत तो अधिक काम करतो.

थर एकत्र करताना फेज, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळतात का ते, तपासावा. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे माइकचा थर थेट थरापेक्षा किंचित मागे असतो, आणि सॉफ्टवेअरही आपला उशीर त्यात घालते. ट्रॅक मोठे करून आघाताच्या सुरुवाती एका रेषेत आणाव्यात, मग एका थराची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटून ऐकावे. ज्या स्थितीत खालचा भाग भरीव वाटतो ती ठेवावी.

कात्रीचे काम

अल्बमचा खरा आवाज इथे ठरतो, म्हणून वेळेचा मोठा हिस्सा याच कामासाठी राखावा.

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) डिस्टॉर्शनच्या नंतर लावावे, मात्र ते उघडण्या-मिटण्याची आज्ञा, म्हणजे साइडचेन, स्वच्छ डीआय ट्रॅकवरून द्यावी. डिस्टॉर्शन झालेल्या सिग्नलमध्ये आघात आणि मागची खरखर जवळपास सारख्याच उंचीवर असतात, त्यामुळे गेटला मर्यादा कुठे ओढावी ते कळत नाही आणि ते फडफडत राहते. डीआयमध्ये मात्र दोघांत मोठे अंतर असते. उघडण्याची वेळ एक मिलिसेकंदाहून कमी, होल्ड (उघडे राहण्याची वेळ) २० ते ४० आणि मिटण्याची वेळ १० ते ३० मिलिसेकंद ठेवून सुरुवात करावी. टक् असा आवाज आला तर मिटण्याची वेळ थोडी वाढवावी. अर्थात तो टक् ठोक्यावर पडत असेल तर तो ठेवण्यातही काही चूक नाही.

गेटनंतर हाताने कापणी. १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० मात्रांच्या) गाण्यात एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १५० मिलिसेकंदांचा असतो. सोळाव्या स्वरांची रिफ असेल तर प्रत्येक ठोका ११० मिलिसेकंदांवर तोडून, शेवटी दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड देऊन, पुढचे ४० मिलिसेकंद पूर्ण रिकामे सोडून पाहावेत. एका गाण्याच्या मुख्य रिफसाठी मी दोन दिवस अ‍ॅम्प बदलत होतो. गिटारचे सहा थर झाले होते आणि प्रत्येक नव्या थरासोबत रिफ अधिकच आकसत होती. शेवटी चार थर बंद केले आणि स्नेअर (ड्रमचा कडक, उंच ठोका) पडण्याच्या आधीचा गिटारचा शेपटाचा तुकडा, डोळ्यांनी जेमतेम दिसेल एवढा, कापून टाकला. स्नेअर जणू रिकाम्या लोखंडी खोलीत पडली, आणि तिच्यानंतर परतणारी गिटार पहिल्यांदाच भिंतीसारखी वाटली. आवाजाच्या पातळीत काहीही बदल केलेला नव्हता. कानाला उंची कळते ती शेजारच्या खड्ड्यामुळे.

या रिकाम्या जागांत काय असावे याचा निर्णय प्रत्येक भागासाठी जाणीवपूर्वक घ्यावा. संपूर्ण डिजिटल शून्य श्वास कोंडल्यासारखे वाटते आणि कडव्याला शोभते. त्याउलट अ‍ॅम्पची गुणगुण वेगळ्या ट्रॅकवर घेऊन खड्ड्यांत अगदी खालच्या पातळीवर सोडली, तर कोणीतरी खोलीत उभे आहे असे वाटत राहते. दोन्ही एकाच भागात मिसळू नयेत.

पुढची पायरी सॅम्पलरची, म्हणजे मुद्रित तुकडा हवा तेव्हा वाजवणाऱ्या यंत्राची. टेकमधला सर्वात चांगला एकच आघात निवडून सॅम्पलरमध्ये घ्यावा आणि रिफ त्यावरून पुन्हा रचावी. मनुष्य वाजवतो तेव्हा प्रत्येक आघात थोडा निराळा असतो. सॅम्पलमध्ये सोळाही आघात तंतोतंत सारखे येतात, आणि या सारखेपणातून जी बेचैनी निर्माण होते ती कितीही कसलेल्या हाताने वाजवून मिळत नाही. डावीकडे आणि उजवीकडे मात्र वेगवेगळ्या आघातांची सॅम्पले ठेवावीत, कारण तेच सॅम्पल दोन्ही बाजूंना ठेवल्यास रुंदी मिळत नाही, आवाज मध्यभागी गोळा होतो. कडवे सॅम्पलवर आणि ध्रुवपद हाताने वाजवलेल्या गिटारवर, असा भेद ठेवला तर ध्रुवपद आले की मशीनमधून माणूस बाहेर पडल्याचा भास होतो. उलट रचना केली तर माणूस मशीनमध्ये अडकतो. गाण्याच्या शब्दांना काय हवे आहे ते पाहून निवड करावी.

रिफच्या मागचे आवाज

पार्श्वभूमीसाठी सिंथेसायझरकडे वळण्याआधी गिटारलाच विचारावे. इबो (तार सतत कंपत ठेवणारे छोटे उपकरण) किंवा अ‍ॅम्पसमोरच्या फीडबॅकने लांब स्वर घ्यावा, तो निम्म्या गतीने वाजवावा, म्हणजे एक सप्तक खाली जातो आणि त्यातली प्रत्येक थरथर दुप्पट लांबते. मग तो उलटा फिरवावा. तारांमध्ये स्क्रू ड्रायव्हर खोचून तारा घासाव्यात, गिटारच्या अंगाला पिएझो माइक चिकटवून लाकडावर टकटक करावी. एखाद्या लोखंडी पिंपात छोटा स्पीकर आणि माइक ठेवून त्यातून रिफ वाजवली तर जो घुमारा मिळतो तो कोणत्याही तयार रिव्हर्बमध्ये सापडत नाही, आणि तो त्या अल्बमचा स्वतःचा असतो. असे आवाज आठवडाभर नुसते गोळा करावेत. कुठे वापरायचे त्याचा विचार तेव्हा करू नये.

मिक्समध्ये

गिटारच्या थरांचा ९० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापावा आणि ती जागा बास आणि किककडे (ड्रमच्या पायाच्या ठोक्याकडे) सोपवावी. एकटी ऐकताना गिटार दुबळी वाटेल, तिकडे लक्ष देऊ नये. जड वाटणारा खालचा भाग पुष्कळदा बासचाच असतो, गिटार त्याला फक्त दात देते. किकवरून गिटारला साइडचेन कॉम्प्रेशन देऊन दोन-तीन डेसिबल खाली दाबावे, म्हणजे प्रत्येक किकला गिटार किंचित मागे हटते. गायकाचा आवाज कुजबुजता असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गिटारने त्याला वाट करून द्यावी, पण ही वाट फक्त गायनाच्या ओळींपुरती असावी. मुख्य गिटार डावीकडे-उजवीकडे टोकाला ठेवाव्यात आणि मिक्स मोनोमध्येही ऐकावे. मोनोमध्ये रिफ नाहीशी होत असेल तर थरांच्या फेजमध्ये गडबड राहिली आहे.

सगळा अल्बम एकाच उंचीवर ओरडत ठेवणे ही या शैलीतली सर्वात दुःखद चूक मला वाटते. हळू भाग मोठ्या भागापेक्षा १० ते १२ डेसिबल खाली राहू द्यावेत आणि मास्टरिंगमध्ये (अल्बमच्या शेवटच्या ध्वनी-जुळवणीत) तो फरक मिटणार नाही याची काळजी घ्यावी.

कानांबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी अमेरिकेतील नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. या संगीतातल्या तिखट आवाजाने कान लवकर थकतात, थकलेल्या कानाला धार कमी वाटते, मग हात आपोआप ती वाढवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिक्स ऐकवत नाही. बोलण्याइतक्या आवाजात काम करावे आणि मोठ्या आवाजात फक्त खात्री करून घ्यावी. कमी आवाजातही रिफचे तुटणे स्पष्ट कळत असेल तर कापणी बरोबर झाली आहे.

प्रत्येक गाणे संपल्यावर सर्व थर परिणामांसह ऑडिओ म्हणून मुद्रित करून ठेवावेत आणि शेजारी मूळ डीआय जपावा. मोडतोडीचे परिणाम पुन्हा लावताना तेच नशीब परत येत नाही, आणि प्लगिनची नवी आवृत्ती आल्यावर ११,०२५ हर्ट्झवरचा तो पत्र्याचा आवाज बदललेला सापडतो.